ऑफिसात ‘मी ख्रिस्ती’ हे मोकळेपणाने सांगायला इतकं जड का जातं?

पाणंद | २२ जानेवारी, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, हा पहिलाच धागा. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

मी सावंतवाडीकडची, कॅथलिक. अकरा वर्षं कुडाळच्या बाजूला एका बँकेच्या शाखेत कर्जाचं काम बघते. काजूचे कारखाने, आंब्याची कलमं, होडीचं इंजिन, असली कर्जं. आडनाव असं की पहिल्या मिनिटाला कळतं. म्हणजे कागदावर लपवण्यासारखं काही नाही. तरी मी लपवते.

गेल्या आठवड्यातली गोष्ट. दुपारचे डबे उघडले होते. कुणाच्या तरी मोबाइलवर एक व्हिडिओ आला, कुठल्याशा गावातल्या प्रार्थनासभेचा. आमच्यातला एक जण म्हणाला, ‘तांदळाच्या पोत्यामागे गेलेली माणसं, दुसरं काय!’ म्हणजे धान्यासाठी धर्म बदललेली. सगळे हसले. हा माणूस वाईट नाही. माझ्या आईच्या ऑपरेशनला रात्री दोन वाजता रक्त द्यायला आला होता. मग त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. ‘अगो, तुका नाय हां. तुम्ही जुने.’

आणि मी हसले. कसनुसं नाही, चांगलं दात दाखवून. वर म्हटलं, ‘हो, आम्ही जुने.’ सुकटीची चटणी पुढे केली आणि विषय बदलला.

त्या रात्री झोप लागली नाही. शेजारचा कोंबडा आरवला तेव्हा, कोंबडा आरवायच्या आत येशूला तीनदा नाकारणाऱ्या त्याच्या शिष्याची, पेत्राची आठवण येऊन अंगावर काटाच आला.

हे एकदाच झालं असंही नाही. राखेच्या बुधवारी मी मुद्दाम संध्याकाळच्या मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) जाते, कारण सकाळी गेलं तर कपाळावर राखेचा क्रूस घेऊन काउंटरवर बसावं लागेल. जेवणाआधी क्रूसाची खूण करायची ती डब्याचं झाकण उघडायच्या निमित्ताने खाली वाकून, अर्धवट. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी ‘हॅपी गुड फ्रायडे’ म्हणणाऱ्यांना ‘थँक्यू, सेम टू यू’ म्हणते. तो दिवस काय आहे हे सांगायला वीस सेकंद लागतात. अकरा वर्षांत ते वीस सेकंद मिळाले नाहीत.

मला कुणाला बाटवायचं नाही. (हा शब्दच बघा. माझ्याच तोंडात आला.) नुसतं जे आहे ते तोंड वर करून सांगायचंय. तुमच्यापैकी कुणी हे केलंय का? कसं?

केळबाग | २३ जानेवारी, सकाळी ६:१५

पाणंदताई, मी वसईचा, निवृत्त शिक्षक. आमच्याकडे हा प्रश्न लहानपणी पडतच नाही. लाल लुगड्यातल्या आज्या, दर मैलावर चर्च (आम्ही त्याला सरळ देऊळ म्हणतो), रविवारी अख्खा रस्ता मिस्सेला निघालेला. धैर्य कशाशी खातात ते कळलं पहिल्या नोकरीत. १९८४ साली गुहागर तालुक्यातल्या शाळेत लागलो. शाळेत मी एकटाच ख्रिस्ती.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी शाळेत पाटीपूजन. हेडमास्तर म्हणाले, नवीन शिक्षकाने पूजा मांडायची. मी पोट दुखतंय म्हणून खोलीवर जाऊन झोपलो. दुसऱ्या वर्षीही पोट दुखलं. तिसऱ्या वर्षी त्यांच्या घरी गेलो आणि सांगून टाकलं, सर, मी पोरांसोबत उभा राहीन, फुलं आणून देईन, रांगोळीला मदत करीन, पण पूजा मांडणार नाही, मी ख्रिस्ताचा आहे. त्यांनी सुपारी कातरता कातरता वर बघितलं. ‘एवढंच ना? मग दोन वर्षं पोटात कशाला दुखवून घेतलंत?’

पुढे तेच गृहस्थ नाताळच्या सुट्टीआधी मला वर्गात बोलवून म्हणायचे, सांगा हो पोरांना, त्या गोठ्यातल्या जन्माची गोष्ट.

सगळीकडे असे हेडमास्तर भेटत नाहीत, हेही लिहून ठेवतो.

दगडफूल | २३ जानेवारी, सकाळी १०:०२

मी कुठलाच देव मानत नाही, त्यामुळे माझं मत कडू लागेल. धर्म चपलांबरोबर दाराबाहेर ठेवावा आणि आत यावं. बँकेत मला व्याजदर हवा असतो, बाईंची श्रद्धा नको. तुम्ही ‘मोकळेपणाने’ सुरू केलंत की उद्या प्रत्येक टेबलावरून एकेक देव बोलायला लागेल.

खाडीपलीकडे | २३ जानेवारी, सकाळी १०:४०

@दगडफूल, चपला बाहेर ठेवायला काही हरकत नाही. पण माझ्या ऑफिसात दर श्रावणात सत्यनारायण असतो, वर्गणी पगारातूनच कापतात, आणि प्रसादाचा शिरा मी आवडीने खातो. तिथे चपला आतच असतात. बाहेर काढायची वेळ येते ती माझ्या आणि पाणंदताईंच्या.

मी दापोलीकडचा कोकणी मुसलमान, बांधकाम खात्यात ठेकेदारांची बिलं तपासतो. पहिली चार वर्षं नमाज गाडीत पढायचो, सीट मागे टाकून, खिडकीला वर्तमानपत्र लावून. एक दिवस शिपाई काकांनी काच ठोकली. मला वाटलं, संपलं. काका म्हणाले, ‘साहेब, रेकॉर्ड रूम रिकामी असते दुपारची, पंखा पण आहे. उकडून मराल इथे.’

सांगण्याचा मुद्दा, सगळ्यांना ठाऊक होतं. लपतोय असं फक्त मलाच वाटत होतं. ताई, तुमचंही तेच असणार.

दगडफूल | २३ जानेवारी, सकाळी १०:५८

सत्यनारायणाचा मुद्दा बिनतोड आहे. तोही नको, एवढंच म्हणू शकतो. आमच्या ऑफिसात म्हटलंही होतं. त्या वर्षी मला शिरा मिळाला नाही.

रेघोटी | २३ जानेवारी, दुपारी १:३०

जय ख्रिस्त सर्वांना! पाणंदताई, तुमच्यासाठी प्रार्थना करतोय.

मी औषध कंपनीत एमआर आहे, चिपळूण ते सावंतवाडी पट्टा. एकवीस वर्षांचा असताना प्रभूने मला दारूतून काढलं. ही माझी साक्ष आहे आणि मी ती कुणालाही सांगतो. केमिस्ट, कंपाउंडर, एस्टीतला शेजारी, कुणीही. दिवा लावून मापाखाली ठेवायचा नसतो, दिवठणीवर ठेवायचा असतो. प्रभूचे शब्द आहेत, माझे नाहीत.

आणि कोकणातल्या माणसाने तरी लाजू नये. ना. वा. टिळक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१. त्यांना सुवार्ता कुठे कळली? रेल्वेच्या डब्यात! समोर बसलेल्या एका अनोळखी गोऱ्या माणसाने गप्पा मारता मारता नवा करार हातात दिला. १८९५ ला टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो प्रवासी ‘धर्म दाराबाहेर’ म्हणत गप्प बसला असता तर मराठीला तो कवी तसा मिळालाच नसता. मी तर म्हणतो, ताई, प्रत्येक कर्जदाराला एक वचन छापलेलं कार्ड द्या.

ओसरी | २३ जानेवारी, रात्री ९:२०

रेघोटी, तुमची साक्ष खरी आहे, त्याबद्दल आदर. पण ते कार्ड कृपया नको. जरा लांबण लागेल, दवाखाना आत्ताच बंद केलाय.

मी डॉक्टर, ख्रिस्ती, लहानपण वेंगुर्ल्यात. तिथे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनचं मोठं हॉस्पिटल होतं. तिथल्या डॉ. गोहीन यांचा मुलगा रॉबर्ट १९१९ साली वेंगुर्ल्यातच जन्मला, पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला आणि नंतर अमेरिकेचा राजदूत म्हणून भारतातच परत आला. आमच्या घरात मिशनच्या डॉक्टरांबद्दल फक्त चांगलंच बोललं जाई. पण मिशनच्या दवाखान्यांतून त्या काळी आणखी एक पद्धत असायची. औषध देण्याआधी रांगेतल्या लोकांना बायबलचा उतारा वाचून दाखवायचा. वाचणारा मनापासून वाचत असेल. ऐकणाऱ्याचं पोर तापाने फणफणलेलं असायचं. तो उठून जाऊ शकत नव्हता.

माझी खुर्ची तीच आहे. माझ्यासमोर जो बसतो त्याची नाडी माझ्या हातात असते. मी त्याला येशूबद्दल सांगितलं तर तो मान डोलावेल. त्या मान डोलावण्यात किती श्रद्धा आणि किती भीती, हे मला कधीच कळणार नाही. पाणंदताईंची खुर्चीही तशीच आहे. कर्ज मागायला आलेला काजूवाला त्यांचं सगळं ऐकून घेईल, वचनाचं कार्ड कपाळाला लावून खिशातही ठेवेल, कारण सही त्यांची आहे.

टिळकांना डब्यात भेटलेल्या माणसाकडे टिळकांचं काहीच अडकलेलं नव्हतं. आधी कवितेवर बोलणं झालं होतं. पुढचं स्टेशन आलं की दोघांचे रस्ते वेगळे. आणि टिळकांनी स्वतः काय किंमत मोजली तेही विसरू नका. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं दूर राहिल्या, त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, स्वतःच्या मनाने.

म्हणून माझा नियम असा. क्रूस भिंतीवर आहे, लपवलेला नाही. रुग्णाने विचारलं, ‘डॉक्टर, तुम्ही देव मानता?’ तर हो म्हणतो, कुठला तेही सांगतो. तो म्हणाला प्रार्थना करा, तर करतो. त्याने विचारल्याशिवाय एक शब्द नाही. माझ्या बायकोच्या मते हे धैर्य नाही, सोय आहे. ती चूक आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

वकीलपत्र | २४ जानेवारी, सकाळी ११:१०

कायद्याचं कुणी काढायच्या आत मीच लिहितो. घटनेचं कलम २५: धर्म मानणं, आचरणं आणि त्याचा प्रसार करणं, तिन्हींचं स्वातंत्र्य, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना बाध न येता. १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आपल्या धर्माची तत्त्वं मांडणं म्हणजे प्रसार, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा मूलभूत हक्क त्यात येत नाही. केळबागसरांसाठी: कलम २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. नाताळची गोष्ट सांगणं म्हणजे धार्मिक शिक्षण, असं कुठलं कोर्ट म्हणेलसं वाटत नाही, घाबरू नका.

म्हणजे ‘मी ख्रिस्ती आहे आणि आज कपाळाला राख आहे’ हे सांगायला पाणंदताईंना कुठलाच कायदा आडवा येत नाही.

पण एक गोष्ट धाग्यावर आली नाही म्हणून लिहितो. लपवणारे सगळे भित्रे नसतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा दर्जा आधी फक्त हिंदूंना होता. १९५६ साली शिखांना, १९९० साली बौद्धांना मिळाला. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर आहेत. जात बदलत नाही, वस्ती बदलत नाही, बाप्तिस्मा घेतला की सवलत मात्र जाते. म्हणून काही माणसं कागदावर एक आणि रविवारी एक असतात. कायद्याच्या नजरेत ते चूक आहे, मी त्याची वकिली करत नाही. पण ‘धैर्य दाखवा’ म्हणताना समोरच्याची नोकरी, पोरांची फी, सगळं त्याच टोपलीत आहे हे ठाऊक असावं.

माळकरी_मालवण | २४ जानेवारी, रात्री ८:४५

रामकृष्णहरी. मी हिंदू, वारकरी, आणि मालवणात राहून मासे खात नाही. आता हसून घ्या.

माळ घातली तेव्हा एकतीस वर्षांचा होतो, बर्फाच्या फॅक्टरीत सुपरवायझर. चहूबाजूंनी सुरमई आणि मधे मी. पहिलं वर्षभर रोज टिंगल. ‘बुवा, इसवणाक तुळस लावल्यार चलात काय?’ एकदा कुणी तरी डब्यातल्या आमटीत बांगड्याचा तुकडा टाकला. मी तो काढून मांजराला घातला आणि दुसऱ्या दिवशी डबा तिथेच, त्याच बाकावर उघडला. काही बोललो नाही. बोलायला सुचलंच नाही, खरं तर. दुसऱ्या वर्षी त्यांच्यातल्याच एकाच्या बहिणीच्या लग्नात माझ्यासाठी वेगळी डाळ शिजली.

पण पाणंद, तुझं आणि माझं सारखं नाही, हे मला कळतं. माझी माळ बघून लोक फार तर हसतात. तुझा क्रूस बघून काहींना पोर्तुगीज आठवतात. चिमाजी अप्पांनी वसई घेतली १७३९ ला. पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली. तो हिशेब कुडाळच्या कर्जखात्यात बसलेल्या बाईकडे मागायचा म्हणजे कमाल आहे. पण मागतात, हे खरं.

रेवदंड्याची_एस्टी | २४ जानेवारी, रात्री १०:३०

छोटंसं. मी कोर्लईचा. आमच्या गावात पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली एक बोली आहे, हजारेक माणसं बोलत असतील. अलिबागला नोकरी करतो. आईचा फोन आला की मी उठून जिन्यात जायचो, कारण कानावर पडलं की ‘ही कुठली भाषा, तुम्ही इकडचेच ना?’ सुरू. मग सगळी वंशावळ सांगा.

एकदा आई रुग्णालयात होती आणि जिन्यात रेंज नव्हती. टेबलावरच बोललो. समोरच्याने विचारलं तर पाच मिनिटं सांगितलं. गाव, किल्ला, माउंट कार्मेलचं चर्च, सगळं. आता त्याला आमच्या बोलीतले चार शब्द येतात, पैकी तीन शिव्या आहेत.

पाणंद | २५ जानेवारी, दुपारी ३:००

रविवार आहे, मिस्सेहून आले आणि सगळं एका दमात वाचलं. सगळ्यांचे आभार. पाटीपूजनाची गोष्ट नवऱ्याला वाचून दाखवली.

पण वकीलसाहेबांच्या शेवटच्या परिच्छेदाने माझी खरी चूक दाखवली. आधी मी धाग्यात जे लिहिलं ते सगळं माझ्या भित्रेपणाबद्दल होतं. माझी राख, माझा क्रूस. त्या दिवशी जेवताना मी येशूला नाकारलं असं मला वाटत होतं. खरं तर ‘आम्ही जुने’ म्हणून मी दुसऱ्याच कुणाला तरी बाहेर ढकललं.

आमच्या शाखेत एक बाई येते. जाळी विणते, नवरा ट्रॉलरवर खलाशी. दोन वर्षांपासून ती एका प्रार्थनाघरात जायला लागली. माझं आडनाव टेबलावरच्या पाटीवर वाचल्यापासून ती काउंटरच्या पलीकडूनच, चांगल्या मोठ्या आवाजात म्हणते, ‘प्रेज द लॉर्ड, बाई!’ सगळी शाखा वळून बघते. आणि मी मान खाली घालून म्हणते, ‘हां. पासबुक द्या.’

ती मला आपली समजते. मला तिच्यासारखी समजलं जायची भीती वाटते. यात धर्म किती आणि तिचं लुगडं, तिच्या हाताचा वास, तिचं इंग्रजी किती, हे स्वतःला विचारलं. उत्तर इथे लिहवत नाही.

आमचे पणजोबा गोव्यातून आले म्हणे. त्यांच्या आधीच्या कुठल्या तरी पिढीत आम्हीही नवेच असणार. तेव्हा त्यांना कोणत्या पोत्याचं नाव ठेवलं होतं कोण जाणे.

रेघोटी | २५ जानेवारी, रात्री ११:५५

ओसरी सरांच्या पोस्टवर तीन वेळा उत्तर लिहून खोडलं. आता लिहितो.

गेल्या पावसाळ्यात आमच्याच लाइनमधला एक मित्र ॲक्सिडेंट होऊन ॲडमिट होता. मी वॉर्डात गेलो आणि त्याचा हात धरून मोठ्याने प्रार्थना केली. दहा-बारा खाटा होत्या. त्याला विचारलं नव्हतं. तो बरा झाला, मी साक्ष म्हणून ती गोष्ट मंडळीत सांगितली. दिवाळीत भेटला तेव्हा म्हणाला, ‘तुझा हात धरलेला चालला असता रे. पण सगळा वॉर्ड माझ्याकडे बघत होता, मला टॉयलेटला जायचं होतं आणि तू थांबतच नव्हतास.’

मी अजूनही म्हणेन की सांगायलाच हवं. गप्प राहणं मला जमत नाही, मला ज्या खड्ड्यातून काढलंय तो मी बघितलाय. पण कार्डाचं मागे घेतो.

केळबाग | २६ जानेवारी, सकाळी ६:०५

रेघोटीभाऊ, हे लिहायलाही छाती लागते.

पाणंदताई, पेत्राचंच पहिलं पत्र काढून बघा, तिसरा अध्याय, पंधरावं वचन. विस्तवाजवळ बसून ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणणारा पेत्र तो हाच. तो म्हातारपणी काय लिहितो? तुमच्या आशेविषयी जो विचारपूस करील त्याला उत्तर द्यायला तयार असा, आणि ते द्या ‘सौम्यतेने व भीडस्तपणाने’.

चाळीस वर्षं मराठी शिकवलं, पण हा शब्द तिथे बघून मला दर वेळी गंमत वाटते. आपली सगळी अडचण भीड. आणि पत्रात मागितलाय काय, तर भीडस्तपणाच! फरक इतकाच की आपली भीड उत्तर देऊ देत नाही, आणि तो म्हणतो उत्तर द्या आणि भीड ठेवा. त्यातही ‘विचारपूस करील त्याला’. ओसरी डॉक्टरांची बाजू तिथे येते. पण कुणी विचारपूस करावी असं काही दिसायला तर हवं ना? अर्धवट क्रूस काढून झाकणाखाली लपवला तर विचारणार कोण आणि काय? इथे डॉक्टरांच्या सौभाग्यवतींची बाजू.

अवांतर: २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाला आमचे फादर दिब्रिटो अध्यक्ष झाले तेव्हा ‘पाद्री कसा काय?’ म्हणून विरोध झाला होता. त्यांनी त्याआधी कित्येक वर्षं ‘सुवार्ता’ मासिक चालवलं होतं, हरित वसईसाठी रस्त्यावर उतरले होते, बायबल मराठीत आणलं होतं. लोकांनी विचारपूस करावी असं बरंच काही आधीपासून समोर होतं. २०२४ ला गेले. त्यांची आठवण आली म्हणून लिहिलं.

दगडफूल | २६ जानेवारी, सकाळी ९:३०

मी या धाग्यावर अजून का आहे कळत नाही. पण राखेच्या बुधवारी काय झालं ते लिहा.

पाणंद | १८ फेब्रुवारी, रात्री १०:१५

लिहिते. आज सकाळी सातच्या मिस्सेला गेले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: गेल्या वर्षीच्या झावळ्यांच्या रविवारी आशीर्वादित केलेल्या झावळ्या जाळून ही राख करतात. फादर अंगठ्याने कपाळावर क्रूस काढतात आणि तू माती आहेस, मातीला परत मिळशील, असं म्हणतात. इथून ईस्टरपर्यंत उपवासकाळ. आज आणि गुड फ्रायडेला एक वेळ जेवण, आणि मांस नाही. मासे चालतात, त्यामुळे कोकणात प्रायश्चित्त म्हणावं तसं होत नाही.

स्कूटरच्या आरशात तीनदा बघितलं. हेल्मेटने अर्धी पुसली तर बरं, असंही मनात येऊन गेलं. पुसली नाही.

दहाला काउंटर उघडलं. पहिला अर्धा तास कुणीच काही बोललं नाही, फक्त बघत होते. ते सगळ्यात वाईट. मग पेन्शनवाल्या एक आजी आल्या, ऐंशीच्या पुढच्या. अंगठ्याचा ठसा घ्यायला मी पुढे वाकले तर त्या म्हणाल्या, ‘गो बाय, कपळाक काळा काय लागला तुझ्या? थांब हां.’ आणि मी काही म्हणायच्या आत पदराचं टोक जिभेला लावून माझं कपाळ पुसलं. पोराचं पुसतात तसं, मागून मान धरून.

मी म्हटलं, ‘नको गे आजी, ता देवाचा हा.’

आजी थांबल्या. ‘देवाचा? मगे अंगारो म्हण मा!’ पदराकडे बघितलं. टोकाला काळं लागलं होतं. त्यांनी ते बोटाने चाचपून स्वतःच्या कपाळाला लावलं, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, ‘पैसे मोज आता.’

मी पैसे मोजले. दोनदा चुकले.

जेवायच्या वेळी त्या आमच्या रक्तदात्याने विचारलं, हे नक्की काय असतं. वीस सेकंदात सांगितलं. मग तसंच पुढे म्हटलं, ‘त्या दिवशी तू तांदळाचं बोललास ना, ते मला लागलं होतं. आणि मी हसले.’ तो चहात बघत बसला. ‘व्हिडिओ मी नव्हतो लावलेलो,’ म्हणाला. मग थोड्या वेळाने, ‘तेव्हाच बोलायचा ना मगे.’ बाकीच्यांनी भराभर डबे बंद केले. त्यानंतर आज तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. उद्याचं उद्या बघू.

तीनच्या सुमारास जाळीवाली बाई आली. लांबूनच, ‘प्रेज द लॉर्ड, बाई!’

मी मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, ‘प्रेज द लॉर्ड.’ कॅथलिक माणसाच्या तोंडात ते बसत नाही, उसनी चप्पल घातल्यासारखं वाटलं, पण म्हटलं.

ती खूश होऊन पुढे आली. मग माझ्या कपाळाकडे निरखून बघितलं, आजींनी पुसून उरलेल्या त्या काळ्या डागाकडे, आणि तिचा चेहरा पडला. भर काउंटरवर, त्याच मोठ्या आवाजात म्हणाली, ‘ह्या काय बाई? आमचे पास्टर सांगतत, असला काय कपळाक लावूचा नाय!’

अख्खी शाखा वळून बघत होती. मी म्हटलं, ‘बरं. पासबुक द्या.’